पावती माझ्याही नावाने फाडा

मंडळाचे माननीय अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष आणि सर्व विश्वस्त भाऊंना,



हे पत्र कार्यालयात आणून दिलं असतं तर आवक-जावक वहीत नोंद होऊन तिथेच राहिलं असतं, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे. मंडळाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांनी माझ्याकडून कुपनं घेतली त्यांना ते ठाऊक आहे. ज्यांनी घेतली नाहीत, त्यांच्या गावातही असं एखादं मंडळ असेलच.

सिकलसेलच्या लेकरांसाठी काढलेल्या सोडतीच्या रात्री तुम्ही आम्हा बायांना मंचासमोर उभं केलं आणि माईकवरून म्हणालात, "या आमच्या निःस्वार्थ भगिनी." टाळ्या झाल्या. मोटारसायकल स्वस्तात देणाऱ्या शोरूमवाल्यांना शाल-श्रीफळ, मंडपवाल्यांना शाल-श्रीफळ, आम्हाला टाळ्या. मला तिथेच खटकलं. कुपनामागे पाच रुपये, हौजीच्या टेबलावर बसलं तर संध्याकाळचे वेगळे, हे पुस्तकं हाती देताना तुमच्याच कोषाध्यक्षांनी कबूल केलं होतं. आता हजार माणसांसमोर निःस्वार्थ ठरवल्यावर दुसऱ्या दिवशी ते पाच रुपये कोणत्या तोंडाने मागायचे?

तरी मी गेले. कोषाध्यक्षांनी वही उघडली. लोकांनी उधारीत घेतलेल्या कुपनांचे पैसे वजा. एक स्थळप्रत गहाळ झाली, तिचे वजा. हौजीच्या टेबलाचं काहीच नाही, कारण ती म्हणे सेवा होती. उरलं ते माझ्या हातावर ठेवलं. तेवढ्यात माझं ऑटोचं भाडंही निघालं नसतं. मी म्हटलं, भाऊ, ठरलं वेगळं होतं. तर उत्तर आलं, "सिकलसेलच्या लेकरांच्या पैशातून बाई किती घेता?"

हे वाक्य मला लागलं. सिकलसेल काय असतं ते मला मंडळाच्या पत्रकातून कळलेलं नाही. आपल्या पूर्व विदर्भात हा आजार गल्लोगल्ली आहे. माझ्या शेजारच्या पोराला आहे. हातपाय दुखायला लागले की ते लेकरू कसं मुटकुळं करून पडतं, रक्ताच्या पिशवीसाठी त्याची माय दवाखान्यात कशी हेलपाटे घालते, हे मी तिच्यासोबत जाऊन पाहिलं आहे. त्या पोरासाठी मी फुकटही कुपनं विकली असती. पण फुकट विकायची की पैसे घेऊन, हे मी ठरवलं असतं. तुम्ही ते माझ्या परस्पर ठरवलंत आणि वर मला त्या लेकरांच्या तोंडचं हिसकावणारी केलंत.

काम काय असतं तेही एकदा ऐकून घ्या. शंभर रुपयांचं कुपन अनोळखी माणसाला विकताना तुमच्यापैकी कुणालाही मी पाहिलेलं नाही. घरच्यांना आणि कंत्राटदारांना फोनवरून दहा-दहा कुपनं लावणं वेगळं. तुमसरच्या धानाच्या बाजारात उभं राहा म्हणजे कळेल. ज्याचा चुकारा व्हायचा आहे तो तुमच्याकडे बघतही नाही. ज्याचा झाला आहे तो थांबतो, मोटारसायकलचं चित्र पाहतो, पाठीमागचे नियम वाचतो, मग म्हणतो, "बायकोला विचारून सांगतो." वरठीला कारखान्याच्या फाटकावर पगाराचा दिवस साधावा लागतो. जवाहरनगरला पाळी सुटण्याची वेळ. डोंगरी बुजरूकला खाणीच्या वसाहतीत दुपारी जावं, तेव्हा घरात बाया भेटतात. त्या डब्यातून पैसे काढतात आणि कुपनावर स्वतःचं नाव लिहू देत नाहीत. पोराचं लिहा म्हणतात, म्हणजे नवऱ्याला दिसलं तर बोलणी बसायची नाहीत. अशी किती नावं मी लिहिली आहेत.

हौजीचं टेबल तर डोळ्यांत तेल घालून बसायचं काम. एका तिकिटावर तीन ओळी, पंधरा आकडे, नव्वदपर्यंतचे. कुणी "अर्ली फाइव्ह" ओरडलं की मागून आणखी तीन हात वर होतात. पुकारलेल्या आकड्यांची वही पाहून कुणाचे पाच आधी भरले ते मी सांगायचं आणि ज्याचा दावा खोटा निघाला त्याचा राग मीच झेलायचा. फुल हाऊसच्या वेळी तर एक गृहस्थ माझ्या अंगावर धावून आले होते. तेव्हा मंचावर पाहुण्यांचं स्वागत चाललं होतं, त्यामुळे तुम्हाला दिसलं नसावं.

आणि लोक काय मंडळाचा नोंदणी क्रमांक पाहून कुपन घेतात? ते माझं तोंड पाहून घेतात. फ्रिज एका विश्वस्तांच्या साडूला लागला. चिठ्ठी लहान लेकराने काढली, सगळ्यांदेखत काढली, मला त्यात काळंबेरं दिसलं नाही आणि मी तसं सगळ्यांना सांगतेही. पण आज भाजी घ्यायला गेलं तरी बाई विचारते, "नंबर आधीच ठरला होता का जी?" हे तुम्हाला कोण विचारतं? माझी या गावात जी पत आहे, ती मी तुमच्या सोडतीसाठी बाजारात मांडली होती. तिचं तुमच्या वहीत काही खातं नाही.

आता पैसे कुणाकुणाला मिळाले ते पाहू. कुपनं छापणाऱ्याला मिळाले, त्याने तर निम्मे आगाऊ घेतले होते. मंडपवाल्याला शाल मिळाली आणि बिलही मिळालं. डीजेवाल्याला मिळाले. मंडईच्या निमित्ताने तुम्ही झाडीपट्टीचं नाटक आणलंत, त्या कंपनीची नाईट आधी ठरली, सुपारी आधी दिली. नाटकाचा नफाही धर्मादायच होता ना? मग नायकाला किंवा पेटीवाल्याला कुणी म्हटलं नाही, की लेकरांच्या पैशातून किती घेता? म्हटलं असतं तर वडसाहून गाडी निघालीच नसती. कलावंतांना मिळालं ते योग्यच झालं, त्यांचं पोट त्यावर आहे. माझंही आहे, एवढंच तुमच्या लक्षात आलं नाही.

माझी आई विड्या वळायची. हजार विड्यांचा दर सरकारने ठरवलेला असायचा. ठेकेदार छाट काढून त्यातही मारायचे, त्यावरून भांडणं व्हायची. पण 1966 च्या विडी कामगारांच्या कायद्यात त्या छाटलेल्या विडीच्या भांडणालाही जागा होती: ठेकेदाराने विडी नाकारली आणि तिचे पैसे बुडवले तर दाद कुठे मागायची, हे लिहिलेलं होतं. तेंदूपत्त्याच्या फडीवर सत्तर पानांचा पुडा, शेकड्याचा दर पहिल्या दिवशीच कळतो. रोवणीला गुत्ता घेतला तर पऱ्हे उपटण्याआधी एकरी किती ते बोलून होतं, आणि मग बाया चिखलात पाय टाकतात. भंडाऱ्याच्या बस स्टँडवर राज्याची लॉटरी विकणारा माणूस घ्या. 1969 पासून सरकार ती चालवतं आहे. तिकिटामागे आपल्याला किती सुटणार हे त्याला विकण्याआधी माहीत असतं. पुण्याच्या नावाने निघालेली सोडत आली की मात्र सगळं तोंडी, आणि तोंडातलंही रात्रीतून बदलतं.

माझा भाचा नागपुरात वकिली करतो. त्याने मला जे वाचून दाखवलं त्याने माझी झोप उडाली. राज्याची नसलेली आणि राज्याने परवानगी न दिलेली सोडत काढण्यासाठी जागा चालवली तर भारतीय न्याय संहितेच्या 297 व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अशा सोडतीच्या बक्षिसांचा प्रस्ताव छापून प्रसिद्ध केला तर पाच हजारांपर्यंत दंड. जुन्या दंडसंहितेत हेच 294 क होतं, म्हणजे कायदा काही कालचा नाही. तुम्ही परवानगी काढली होती का? काढली असेल तर तिची प्रत एकाही बाईच्या पिशवीत का नव्हती? नोंदणी नसलेल्या मंडळाला धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायला सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या 41 क कलमाखाली धर्मादाय आयुक्तांकडे जावं लागतं, हे तर दुर्गोत्सवातल्या पोट्ट्यांनाही ठाऊक आहे. वर्गणीची परवानगी म्हणजे सोडतीची परवानगी होत नाही, असं भाचा म्हणतो. कुपनावर तुम्ही बारीक अक्षरात "ऐच्छिक देणगी" छापलंत. म्हणजे कायद्याने विचारलं तर देणगी आणि माणसाने विचारलं तर मोटारसायकल. एखाद्या हवालदाराने बाजारात विचारलं असतं, तर पुस्तक माझ्या हातात होतं, तुमच्या नाही. धोका माझ्या पदरात टाकताना तुम्हाला मी कामगार वाटले. पैसे देताना भगिनी झाले.

भाच्याने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी तुमच्यासाठी लिहून ठेवली आहे. राजस्थानात दुष्काळी कामावर रस्ता बांधणाऱ्या बायांना किमान वेतनापेक्षा कमी मजुरी मिळत होती. सरकारचं म्हणणं असं, की ही दुष्काळातली मदत आहे, आणि त्यासाठी 1964 चा एक कायदाच करून ठेवला होता. 1983 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की काम करून घेतलं तर पूर्ण किमान वेतन द्यावं लागेल. मदत म्हणून कमी देणं ही राज्यघटनेच्या 23 व्या कलमात मना केलेली वेठ आहे. तिथे मदत घेणारीच काम करत होती आणि तरी न्यायालयाने ऐकलं नाही. इथे तर मदत तिसऱ्यालाच मिळते. वेठ काय असते ते आपल्या झाडीपट्टीत समजावून सांगावं लागत नाही, मालगुजारी आपल्याकडे आजोबांच्या पिढीपर्यंत होती.

तुमच्या मंडळात एक वकीलही आहेत. ते म्हणतील, धर्मादाय संस्थेला हे लागू नाही. 1978 मध्ये बंगळुरूच्या पाणीपुरवठ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच प्रश्नाची चिरफाड केली होती. संस्था दानधर्म करत असेल, पण तिथे राबणारे पगारासाठी राबत असतील, तर मालकाच्या पुण्याने त्यांचा हक्क बुडत नाही, असा त्याचा अर्थ. जिथे माणसं खरोखर स्वेच्छेने, मजुरीसाठी नव्हे तर कार्यासाठी येतात, ती जागा निराळी. माझं भांडण एवढंच आहे की या दोन्हींतली मी कोणती, हे तुम्ही सोयीने बदलता. पुढे 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेत धर्मादाय कार्य करणाऱ्या संस्था "उद्योगा"च्या व्याख्येतूनच वगळल्या गेल्या. दुसरीकडे 2019 च्या वेतन संहितेने किमान वेतन ठराविक यादीतल्या धंद्यांपुरतं न ठेवता सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी केलं. दोन्ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या. त्यांच्या मधल्या फटीत कुपनवाली कुठे बसते, हे कोर्टात जाऊन विचारण्याइतकी माझी ऐपत नाही. मला कोर्टात जायचंही नाही. तुम्हाला लाज वाटेल अशी आशा आहे, म्हणून तर पत्र लिहिते आहे.

मंडळाच्या कार्यालयात बाबासाहेबांचा फोटो आहे, दरवर्षी 14 एप्रिलला तुम्ही हार घालता. किमान वेतनाचं विधेयक त्यांनीच मजूरमंत्री असताना 1946 च्या एप्रिलमध्ये मांडलं, त्याचा कायदा 1948 मध्ये झाला. आणि 1954 च्या पोटनिवडणुकीत ते आपल्याच भंडाऱ्यातून लोकसभेसाठी उभे राहिले होते. आपण त्यांना पाडलं. काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले, बाबासाहेब नाही. फोटोला हार घालताना तेवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

परदेशात काय करतात हेही मी विचारलं. अमेरिकेत कॅलिफोर्नियात धर्मादाय संस्थांना बिंगो खेळवता येतो, म्हणजे आपल्या हौजीसारखाच खेळ. तिथे त्या खेळातून कुणी पगार किंवा मजुरी घेतली तर तो गुन्हाच आहे. फक्त पहारेकऱ्याला पैसे देता येतात. आकडे पुकारणाऱ्या बाईला नाही, पहारेकऱ्याला! हसू आलं मला. पण विचार केल्यावर त्यामागची भीती समजली. मजुरीच्या नावाखाली चालकच गल्ला खाऊन टाकतील आणि धर्माला चिंचोके उरतील, ही ती भीती. तिथल्या सोडतीत विक्रीतले नव्वद टक्के कामालाच गेले पाहिजेत असाही दंडक आहे. मिनेसोटात उलट आहे; तिथे संस्थांच्या वतीने दारूच्या गुत्त्यांत चिठ्ठ्या विकणारी माणसं पगारी असतात. इंग्लंडात छोट्या संस्थेच्या सोडतीतला किमान वीस टक्के पैसा कार्याला गेलाच पाहिजे, असं कायदा सांगतो. कुठे कडक, कुठे सैल. पण तिथे नियम खेळाआधी लिहिलेला असतो. कॅलिफोर्नियातल्या बाईला टेबलावर बसण्याआधी ठाऊक असतं की इथे काही मिळणार नाही. तिला पाच रुपये कबूल करून मग निःस्वार्थ म्हणत नाहीत.

जे खरंच फुकट करतात त्यांच्याविषयी माझ्या मनात काही नाही. आमच्या टेबलावर एक निवृत्त गुरुजी असतात. पेन्शन आहे, मुलं मार्गी लागली आहेत, ते सांगून येतात की मला काही नको. त्यांनी सेवा करावी, त्यांना शोभते. पण त्यांच्याच शेजारी बसलेल्या बाईची त्या संध्याकाळची शिलाई बुडालेली असते. तिला त्यांच्या रांगेत बसवून तुम्ही दोघांनाही एकच टाळी वाजवलीत.

आता मुद्द्याचं. तुमच्या अहवालात यंदा सोडतीतून इतकी रक्कम जमली, इतका खर्च, इतकी शिल्लक रुग्णनिधीत, असं छापलं जाईल. त्या शिलकीत माझे न दिलेले पैसे आहेत. माझ्यासोबतच्या बायांचेही आहेत. तुमच्या देणगीदारांची यादी अहवालाच्या पहिल्या पानावर असते, पाचशे रुपये देणाऱ्याचंही नाव तिच्यात येतं. मग आमची नावं त्या यादीत का नाहीत? जी मजुरी तुम्ही दिली नाही आणि लेकरांच्या निधीत टाकली, ती आम्हीच दिलेली देणगी झाली ना? तिची पावती फाडा. आयकरात सवलत मिळते तशी पावती द्या. मी आयकर भरत नाही, तो भाग सोडा. रक्कम किती, हे लिहिताना कोषाध्यक्षांना माझा हिशेब मांडावाच लागेल, आणि मला नेमकं तेवढंच हवं आहे.

पावती फाडायची नसेल तर पैसे द्या. कबूल केलेले, वजाबाकी न करता. उधारी मंडळाची आहे, कुणाला उधार द्यायचं हे तुमच्या सचिवांनीच सांगितलं होतं.

आणि पुढच्या वर्षीची पुस्तकं छापखान्यात जाण्याआधी एकदा आम्हाला बसवून बोला. कुपनामागे किती, टेबलाच्या संध्याकाळचे किती, गाडीभाडं कुणाचं, स्थळप्रत हरवली तर काय, हे पुस्तकाच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला छापा. जागा पुष्कळ असते, सध्या तिथे तुमचे फोटो असतात. परवानगीची झेरॉक्स प्रत्येकीच्या पिशवीत द्या. ज्या बाईला फुकट करायचं आहे तिने स्वतःच्या हाताने तसं लिहून द्यावं, मग तिला खुशाल शाल द्या. लेखापरीक्षणात मंडप, ध्वनिक्षेपक, छपाई अशा ओळी असतात, तिथे विकणाऱ्यांच्या मजुरीचीही एक ओळ येऊ द्या. ती ओळ पाहून एखादा देणगीदार नाराज झाला तर त्याला माझ्याकडे पाठवा, मी बोलेन त्याच्याशी.

हे पत्र वाचून तुम्ही म्हणाल, बाईला कुणीतरी शिकवलं. हो, भाच्याने कायदा शिकवला. बाकीचं तुमच्या कोषाध्यक्षांनी शिकवलं.

तुम्हाला मी इतकी वर्षं भाऊ म्हणत आले, पुढेही म्हणेन. भाऊबीजेला तुम्ही मंडळातर्फे आम्हाला साडी देता ती मी यंदा परत केली, त्याचं कारण वहिनींनी विचारलं होतं. त्यांना मी तोंडावर काही सांगू शकले नाही. हे पत्र त्यांनाही वाचून दाखवा.

न विकलेली पुस्तकं माझ्याकडे आहेत. पानं मोजून, सुतळीने बांधून ठेवली आहेत. मोजून घेणारा आणि पोच लिहून देणारा माणूस पाठवा. मी आणून देणार नाही, ऑटोचं भाडं कोण देणार ते अजून ठरलेलं नाही.

आपली,
मंडळाची एक कुपनवाली
भंडारा